एक चांगली की दोन साध्या

सुरी घ्यावी तर वैजनाथरावांकडून, असं मंडईच्या मागच्या गल्लीत सगळे सांगतात. आणि सुरीबरोबर चार शब्द ऐकून घ्यायची तयारी नसेल तर तिकडे फिरकू नये, असंही तेच लोक सांगतात. तनुजाला दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. तरीही डिसेंबरातल्या एका बुधवारी शाळा सुटल्यावर ती खडकीहून बस पकडून तिथं येऊन उभी राहिली. दर्शनी बाजूला अडकित्ते, विळ्या आणि शिंप्यांच्या कात्र्या टांगलेल्या, आणि आत गेल्या काही वर्षांपासून तंबू, दोर आणि कपाळावर बांधायच्या बॅटऱ्या, असं ते दुकान होतं. हल्ली दर शनिवारी निम्मं पुणं डोंगरावर असतं आणि उरलेलं निम्मं त्यांचे फोटो बघत असतं, हे वैजनाथरावांनी वेळीच ओळखलं होतं.

कॅम्पिंगची सुरी दाखवा म्हटल्यावर त्यांनी काचेवर आधी एक सुरी ठेवली. पात्यापासून मुठीच्या टोकापर्यंत एकसंध पोलाद, मुठीला दोन्ही बाजूंनी शिसवी लाकूड, वर चामड्याचं म्यान. मग तिच्या शेजारी आणखी दोन ठेवल्या, दोन्ही सारख्याच, प्लॅस्टिकच्या हिरव्या मुठीच्या आणि पातळ पात्याच्या. त्या एका चांगल्या सुरीच्या पैशात ह्या दोन साध्या येत होत्या. चांगलीची धार वर्षभर बघायला नको, त्यांनी सांगितलं; ढलप्या काढा, दोर कापा, कांदा चिरा, तिला काही होत नाही. साध्यांना दोन फेऱ्यांनंतर दगड दाखवावा लागेल, पण कांद्याला कुठं सुरीची किंमत कळते.

“किती जण जाता?” त्यांनी विचारलं.

“दोघी,” तनुजा म्हणाली.

हे खोटं होतं. खोटं बोलायचं असं काही तिनं ठरवलं नव्हतं. सोळा वर्षं कुणीही विचारलं की ‘दोघी’ हेच उत्तर द्यायची सवय झाली होती आणि जिभेला दोन वर्षांपूर्वीची बातमी अजून कळलेली नव्हती.

“मग दोन घ्या,” वैजनाथराव म्हणाले. “एका सुरीत दोघी म्हणजे एक चिरणार आणि दुसरी कसं चिरायचं ते सांगणार.”

तनुजाला हसू आलं, कारण अगदी तसंच होत असे. मग आपल्याला हसू आलं याचंच तिला वाईट वाटलं. जरा विचार करून येते, असं ती पुटपुटली. विचार बाहेर जाऊनच करा, वैजनाथराव म्हणाले, इथं काचेवर बोटं उमटतात.

तनुजा त्रेचाळीस वर्षांची होती आणि खडकीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होती. तिचे वडील दारूगोळा कारखान्यात फिटर होते. आता आई-वडील दोघंही नव्हते. त्यांच्यामागे दोन खोल्यांचा फ्लॅट राहिला होता, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, कपाटभर पुस्तकं आणि एकटी तनुजा. कुणी सांगितलं म्हणून काही मानायचं नाही, ही वडिलांची शिकवण. रस्त्यात मांजर आडवं गेलं की ते मुद्दाम थांबून त्या मांजराला हाक मारत आणि मगच पुढं जात. तनुजानं ती शिकवण इतकी पक्की धरली होती की शाळेत ग्रहणाच्या दिवशी ती वर्गात सगळ्यांसमोर डबा उघडून जेवत असे, भूक असो वा नसो.

आणि अशा बाईला मैत्रीण मिळाली ती स्वराली. कसबा पेठेतली, शनिवारी नखं न कापणारी, तिन्हीसांजेला केर न काढणारी, मीठ-मिरची कुणाच्या हातात न देणारी. ती एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती, रोज लोकांचे गुडघे वाकवून त्यांच्या शिव्या खायची. अठरा वर्षांपूर्वी एका ग्रुपबरोबर गडावर जाताना तनुजाच्या बुटाचा तळवा निघून आला. बाकीचे ‘अरेरे’ म्हणून पुढं गेले आणि स्वराली दोरी घेऊन खाली बसली. त्या दोरीनं बूट पुण्यापर्यंत टिकला आणि मैत्री सोळा वर्षं. दोघींची लग्नं झाली नव्हती. त्याची कारणं वेगवेगळी होती आणि ती एकमेकींना सांगून केव्हाच संपली होती.

दरवर्षी डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी दोघी वेल्ह्याच्या पुढच्या एका पठारावर जात. तिथं सुंदराबाई नावाच्या बाईचं घर होतं. तिच्या शेताच्या बांधाला तंबू ठोकायचा, पिठलं करायचं, एक रात्र राहायचं आणि रविवारी परत. त्या सोळा वर्षांत त्यात कधी खंड पडला नव्हता. एकदा तनुजाला ताप होता तेव्हाही ती गेली होती आणि पठारावर जाऊन निवांत आजारी पडली होती.

सुरीची गोष्ट तिसऱ्या वर्षीची. तनुजाच्या वाढदिवसाला स्वरालीनं एक लाल मुठीची छोटी सुरी आणली, पठारावरच्या एका सपाट दगडावर ठेवली आणि म्हणाली, एक रुपया दे. कशाचा, असं तनुजानं विचारलं. तेव्हा तिला कळलं, की सुरी कुणाला फुकट भेट देत नाहीत, दिली तर मैत्री कापली जाते. एक रुपया घेतला की ती विकत घेतल्यासारखी होते आणि काही बाधत नाही. आईनं बजावून सांगितलंय, स्वराली म्हणाली. तनुजाच्या खिशात सुटे होते. पण वडिलांची मुलगी ती. रुपया द्यायचा म्हणजे मान्य करायचं, आणि एक रुपयासाठी तिनं तत्त्व सोडलं नाही. मग सुरी माझी, तू नुसती वापर, असं म्हणून स्वरालीनं ती आपल्या पिशवीत टाकली आणि ती पुढं कायम तिच्याच पिशवीत राहिली.

त्याच सुरीचा दुसरा एक नियम होता. ती एकीनं दुसरीच्या हातात द्यायची नाही. दगडावर ठेवायची, दुसरीनं उचलायची. हातात दिली तर भांडण होतं. “खाली ठेव,” स्वराली म्हणायची. “अंधश्रद्धा,” तनुजा म्हणायची, आणि खाली ठेवायची. कांदा झाला की, दोर कापून झाला की, पावाचं पाकीट फोडून झालं की. किती वेळा ते कुणी मोजलं असतं? इतक्या वर्षांत दोघींचं एकदाही भांडण झालं नाही. स्वराली त्याचं श्रेय सुरी खाली ठेवण्याला द्यायची आणि तनुजा आपल्या स्वभावाला.

आणि शेवटीही भांडण असं झालंच नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं.

स्वरालीची कसब्यातली जुनी इमारत पाडून तिथं नवी झाली आणि तिला आणि तिच्या आईला चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. स्वयंपाकघराच्या फरश्या तनुजानं निवडल्या. सामान हलवताना तिनं तीन रविवार खोके वाहिले. वास्तुशांत झाली ती मात्र तिला फोनवर कळली, स्वरालीनं स्टेटसला ठेवलेल्या फोटोंतून. चाळीस-एक माणसं जेवत होती. दवाखान्यातली माणसं होती, शेजारी होते, स्वरालीच्या आतेमामेभावंडांचा गोतावळा होता. तनुजानं निवडलेल्या फरशीवर पंगत बसली होती आणि तनुजा खडकीला वह्या तपासत होती.

दुसऱ्या दिवशी स्वरालीचा फोन आला. “अगं, तुला असलं काही पटत नाही ना. म्हटलं, उगाच अवघडशील. रविवारी ये, निवांत जेवू.”

तनुजा म्हणाली, “बरं.”

ती त्या रविवारी गेली नाही आणि नंतरच्याही नाही. पुण्यात माणसं एका ‘बरं’मध्ये किती काय काय संपवतात, ते बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटायचं नाही. तिला झालेलं दुःख साधं होतं आणि जुनं होतं. ती नऊ वर्षांची असताना शाळेतल्या एका मैत्रिणीच्या घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली होती. तिथं तिला तिळगूळ दारात मिळाला होता आणि बाकीच्या मुली आत होत्या. त्या मैत्रिणीची आईही गोड हसून म्हणाली होती, तुमच्यात हे नसतं ना. स्वरालीचं ‘तुला पटत नाही’ आणि त्या बाईचं ‘तुमच्यात नसतं’ यांत फरक होता की नव्हता, एवढंच तनुजाला कळत नव्हतं. फरक नक्की आहे, असं ती सकाळी म्हणायची. संध्याकाळपर्यंत तिची खात्री उरायची नाही. वाईट हे, की सोळा वर्षं प्रत्येक पूजेची, प्रत्येक मुहूर्ताची टिंगल तिनंच केली होती. स्वरालीला ती सबब तिनंच शिकवली होती.

विचारलं असतं तर कळलं असतं. पण उत्तर नको ते आलं तर सोळा वर्षं मागून पुसली जाणार होती, म्हणून तिनं विचारलं नाही. स्वरालीनं आणखी तीन-चार फोन केले. तनुजा ‘कामात आहे’ म्हणाली. मग फोन थांबले. गेल्या डिसेंबरात ती पठारावर गेलीच नाही. तो शनिवार तिनं घराचा पंखा पुसण्यात घालवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसला, कारण करायला दुसरं काही नव्हतं.

ह्या वर्षी तिनं ठरवलं, एकटी तर एकटी, जायचं. सामान काढलं. तंबू तिच्याकडे होता, स्टोव्ह तिच्याकडे होता, पातेली तिच्याकडे होती. सुरी स्वरालीकडे होती. म्हणून हा वैजनाथरावांकडचा फेरा.

मंडईत ती नुसतीच फिरली. मटारच्या शेंगांचे ढीग लागले होते, ओला हरभरा आला होता, भाजीवाल्या बायका ओरडून ओरडून घसा बसवून घेत होत्या. विचार करायला गेलं तर प्रश्न अगदीच सरळ होता. एकटीला एकच सुरी लागते. लागते एक तर चांगली घ्यावी, जन्मभर पुरेल अशी. एक ना धड भाराभर चिंध्या, असं आई नेहमी म्हणायची. कुणीही शहाणा माणूस ती शिसवी मुठीची सुरी घेऊन खडकीच्या बसमध्ये बसला असता.

पण तिचा पाय त्या ‘जन्मभर’पाशी अडत होता. ती एक सुरी घेतली, की पुढं जन्मभर एकटी, हे तिनं स्वतःच्या हातानं, रोख पैसे मोजून कबूल केल्यासारखं होणार होतं. आणि दोन घेतल्या तर? तर एक खडकीच्या घरात खणात पडून राहणार, आणि कधी पक्कड शोधताना, कधी मेणबत्ती शोधताना हाताला लागणार आणि विचारणार, मी कुणाची? नाहीतर ती दहा मिनिटांवरच्या कसब्यात द्यायची. दिली आणि परत आली तर तेही उत्तरच होतं. तनुजाला भीती वाटत होती. उगाच तिला वेगळं नाव देण्यात अर्थ नव्हता. तिनं अर्धा किलो मटार घेतले, जे तिला नको होते, आणि परत दुकानात आली.

वैजनाथरावांनी ती चांगली सुरी आधीच म्यानात घालून ठेवली होती. तुम्ही हीच घेणार, त्यांनी सांगितलं, मास्तरीण वाटता, मास्तर लोक परत येतात आणि टिकाऊ तेच नेतात.

“त्या दोन द्या,” तनुजा म्हणाली.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मग दोन हिरव्या मुठी कागदात गुंडाळल्या, वेगवेगळ्या, आणि पुढं सरकवल्या.

कसब्यात जाताना तिनं मनाशी पक्कं केलं होतं, की इमारतीच्या वॉचमनकडे सुरी ठेवायची आणि निघायचं. पण वॉचमननं हात वर केले. पार्सल ठेवायला सोसायटीची मनाई आहे, लिफ्ट चालू आहे, वर जाऊन द्या. सोसायट्यांचे नियम माणसांना एकमेकांपासून लांब ठेवायलाच असतात, पण कधी कधी त्यांच्याही हातून चूक होते. तनुजा चौथ्या मजल्यावर गेली.

दार आनंदीबाईंनी उघडलं, स्वरालीच्या आईनं. बहात्तर वर्षांच्या, हाडकुळ्या, ताठ. स्वराली दवाखान्यात आहे, आठपर्यंत येईल, त्या म्हणाल्या, आणि तनुजा आत आली की नाही हे न बघताच पाणी आणायला वळल्या. तनुजा आत गेली. फरश्या तशाच होत्या, तिनं निवडलेल्या, फिकट राखी रंगाच्या. त्या कुणाच्या पायाखाली कशा दिसतात हे ती पहिल्यांदा बघत होती. आनंदीबाईंनी पाणी दिलं ते घरातल्या रोजच्या पेल्यात, आणि उरलेलं पाणी स्वतः त्याच तांब्यातून प्यायल्या. तनुजानं ते टिपलं आणि आपण अजून असलं टिपतो याची तिला लाज वाटली.

पिशवीतून तिनं कागदातली सुरी काढली. आनंदीबाईंनी हात पुढं केला. तनुजानं सुरी त्यांच्या हातात दिली नाही, टीपॉयवर ठेवली. विचार करून नाही, नुसती ठेवली गेली.

आनंदीबाई कागदाकडे बघत राहिल्या. “सुरी आहे?”

“हो. स्वरालीला द्या.”

“आणि हे तुला कधीपासून पटायला लागलं?”

“पटत नाही अजून, काकू. सवय आहे.”

त्यावर आनंदीबाईंनी सुरी उचलली, देवाच्या कपाटाशेजारच्या फळीवर ठेवली आणि तिच्याकडे पाठ असतानाच बोलल्या. “वास्तुशांतीला तू नव्हतीस. मी स्वरालीला विचारलं, तनुजा कुठंय. म्हणाली, तिला आवडत नाही. मी म्हटलं, तू विचारलंस का तिला? तर गप्प बसली.”

“मीही नाही विचारलं,” तनुजा म्हणाली.

आनंदीबाईंनी चहा विचारला, तनुजा उशीर होतो म्हणाली. लिफ्टपाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं, की मटारची पिशवी टीपॉयवरच राहिली. ती परत गेली नाही.

बुधवारी रात्री फोन वाजला नाही. गुरुवारी नाही. शुक्रवारी शाळेत तिनं मुलांना चुंबकाचा धडा शिकवला आणि मधल्या सुट्टीत तीनदा फोन बघितला. एकदा वीजबिलाचा संदेश होता, एकदा मुख्याध्यापकांचा. झालं तर मग, ती स्वतःला म्हणाली. सुरी दिली, मैत्री कापली. अंधश्रद्धा खरी ठरल्याचा आनंद आनंदीबाईंनी घ्यायला हरकत नव्हती.

शनिवारी पहाटेच ती स्वारगेटहून निघाली. गाडी सातला वेल्ह्याला टेकली आणि तिथून पुढं चालायला लागल्यावर तासाभरात फोनची रेंज गेली. दरवर्षी जायची तशीच गेली. उलट दरवर्षी रेंज गेली की स्वराली आनंदानं म्हणायची, सुटलो बाई. ह्या वेळी तनुजाला सुटल्यासारखं वाटलं नाही. जो फोन येणार नव्हता तो आता येऊच शकत नव्हता, एवढंच.

सुंदराबाई दारात शेंगा फोडत बसली होती. तनुजाला बघून तिनं तोंडभर विचारपूस केली, मागल्या सालाला का आला नाही म्हणून रागावली आणि मग तिच्या मागं वाटेकडे बघत राहिली.

“दुसरी कुठं हाय?” तिनं विचारलं.

“नाही आली,” तनुजा म्हणाली.

“मागनं येतीया?”

“नाही.”

सुंदराबाई उगाच खोलात जाणारी बाई नव्हती. दुपारी भाकरी आपल्याकडंच खा, म्हणाली, आणि पुन्हा शेंगांना लागली. पण तंबू ठोकताना ती न बोलावता आली आणि तंबूचं दुसरं टोक धरून उभी राहिली. तंबू दोघींचा होता. त्याचं दुसरं टोक धरायला माणूस लागतं, हे तनुजा सामान काढताना विसरली होती.

ऊन कलल्यावर तिनं स्टोव्ह पेटवला. तो सपाट दगड तिथंच होता, तेराव्या वर्षी सांडलेल्या तेलाचा डाग अजून अंगावर घेऊन. तिनं हिरव्या मुठीच्या सुरीनं कांदा चिरला. पातं पातळ होतं, पण कांदा कांद्यासारखाच चिरला गेला. वैजनाथराव त्याबाबतीत खोटं बोलले नव्हते. मिरच्या चिरल्या. मग तिनं सुरी दगडावर ठेवली, मूठ पलीकडे करून, जशी नेहमी ठेवायची तशी, आणि कढईकडे वळली. कोथिंबीर स्वराली चिरायची.

कोथिंबीर चिरलीच जाईना, तेव्हा तनुजानं मान वळवली. सुरी होती तिथंच होती, मूठ पलीकडे, आणि पलीकडे कुणी नव्हतं. ती बराच वेळ त्या मुठीकडे बघत बसली. पिठलं खाली लागलं. मग ती उठली, दगडाला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेली, तिथं बसली आणि सुरी उचलून तिनं कोथिंबीर चिरली. इतकं एकटं तिला वडील गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी स्वराली शेजारी होती.

रविवारी सकाळी सुंदराबाईनं शेंगांची पुरचुंडी बांधून दिली, एकच. दरवर्षी दोन देत असे. तनुजा खाली उतरली. वेल्ह्याच्या स्टँडवर एसटी लागायला अवकाश होता. ती बाकावर बसली आणि फोनला रेंज आली, तशी आत साठलेली सगळी अडगळ एकदम बाहेर पडायला लागली. कर्ज घ्या म्हणणारी कंपनी, शाळेच्या ग्रुपवरच्या सुप्रभाती, गॅसवाला. त्यांच्यामध्ये बँकेचा एक संदेश होता. तिच्या खात्यात एक रुपया जमा झाला होता. पाठवणारीचं नाव स्वराली. शनिवारी सकाळी साडेआठला; म्हणजे तनुजा वाट चढत होती आणि रेंज नुकतीच गेलेली होती.

सोबत एक अक्षर नव्हतं. एक रुपया, बस.

‘अंधश्रद्धा’ हा शब्द सवयीनं तिच्या ओठांपर्यंत आला आणि तिथं थांबला. एका रुपयात काही कापलं जात नाही आणि काही सांधलंही जात नाही, हे तिला पुरतं माहीत होतं. ती रोज चाळीस मुलांना हेच शिकवत होती. तरीही स्टँडवर, चारचौघांत, तिला रडू आलं. शेजारच्या म्हातारबांनी सरकून जागा दिली, जणू रडायला जास्त जागा लागते.

डोळे पुसून तिनं फोन लावला. पहिलीच रिंग पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला. कशी आहेस, काय चाललंय, यातलं काहीही विचारायचं तनुजाला सुचलं नाही. दोन वर्षं जे गिळलं होतं तेच बाहेर आलं.

“पूजेला का नाही बोलावलंस मला?”

स्वरालीनं उत्तर द्यायला वेळ घेतला. म्हणजे ती सबब सांगणार नव्हती.

“कोकणातले काका येणार होते,” ती म्हणाली. “तुला ते माहीत नाहीत. ते तुझं आडनाव विचारणार, आणि मग काहीतरी बोलणार. पंगतीत, तुझ्यासमोर. ते मला बघवलं नसतं. म्हणून तुला नाही सांगितलं. तुला पटत नाही वगैरे मी नंतर जुळवलं.”

तर हे होतं. तनुजाला जी भीती होती तेच होतं, आणि तेच नव्हतंही. तिला राग आला, अगदी स्वच्छ, आणि रागाबरोबर दोन वर्षं छातीवर असलेलं काहीतरी उतरलं. आता निदान काय आहे ते समोर होतं.

“मग त्यांना बोलवायचं नव्हतंस,” तनुजा म्हणाली.

स्वराली म्हणाली, “हो.”

तिनं ‘पण’ म्हटलं नाही. आई, नातं, समाज, यातलं काही पुढं केलं नाही. नुसतं हो म्हणाली आणि थांबली, आणि तनुजाही थांबली. दोघींपैकी कुणीही फोन ठेवला नाही. स्वरालीच्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली.

“मटार आहेत,” स्वराली म्हणाली. “तू विसरलेले.”

एसटी लागली. कंडक्टरनं पुणे, पुणे असा पुकारा केला, माणसं धावली, शेजारचे म्हातारबाही काठी सावरत उठले आणि तनुजाला चला म्हणून खूण करून गेले. तिनं मान हलवली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. गाडी धूळ उडवत निघून गेली. पुढची दीड तासानं होती.